ताई ची केल्यानं डोकं शांत होतं का? गुडघेदुखीत जमेल?

प्रतापनगरकर
नमस्कार. वय ५८, निवृत्ती जवळ आली. रोज सकाळी फिरायला जातो, पण पाय चालतात आणि डोक्यात ऑफिसच्या फायली. घरी आल्यावर रस्त्यात कोण भेटलं तेही आठवत नाही. मुलीनं ताई ची या चिनी व्यायामाचे व्हिडिओ पाठवले. इतकं हळू हात-पाय हलवून होतं काय, हे कळत नाही. डावा गुडघा जिना चढताना दुखतो. नागपुरात कुणी करतं का? आणि उन्हाळ्याचं काय?

खामलाकर
भाऊ, आपला योग आहे न! काऊन एवढ्या दूर चीनमध्ये जाता?

धरमपेठ_मॅडम
खामलाकर भाऊ, मी योगही करते. दोन्ही चालतं. योगासनात आपण स्थितीत थांबतो, इथे एक हालचाल संपते तिथूनच दुसरी निघते. मनाला निसटायला फट मिळत नाही, म्हणून मला हे धरून ठेवतं.

प्रतापनगर भाऊ, हळू आहे म्हणूनच ते कामाचं आहे. आत्ता उभं राहून पाहा. गुडघे जरा सैल सोडा. सगळं वजन उजव्या पायावर न्या. डावा पाय पूर्ण रिकामा झाला की मगच उचला, पुढे नुसती टाच टेकवा, वजन अजून द्यायचं नाही. मग टाचेकडून चवड्याकडे सावकाश वजन सोडा. बहुतेक जण पाय रिकामा व्हायच्या आधीच उचलतात आणि पुढे पडतात. रोजच्या चालण्यात हे लक्षातच येत नाही. हळू केलं की कळतं, घाई कुठे झाली, श्वास कधी अडला, खांदा कधी कानाकडे चढला.

माझा उजवा खांदा मला असाच सापडला. फोनवर बोलणं वाढलं की आधी तो वर जातो, राग मागून येतो. आता खांदा चढलेला जाणवला की श्वास सोडते, मग बोलते. वर्षानुवर्षं शाळेत पोरांवर ओरडले, तेव्हा हे कुणी शिकवलं असतं तर किती बरं झालं असतं!

व्हिडिओ बघायचेच तर यांग शैलीतला (हा ताई चीचाच एक प्रकार) २४ हालचालींचा संच बघा. चीनच्या क्रीडा आयोगानं १९५६ साली तो सर्वसामान्यांसाठी बेतला. पाच-सहा मिनिटांत होतो. पण आधी नुसतं वजन बदलणं पक्कं करा, संच पळून जात नाही.

गुडघा आधी डॉक्टरांना दाखवा. तो पायाच्या बोटांच्याच दिशेनं वाकवा, बोटांपुढे नेऊ नका, वजन असलेल्या पायावर पिळून वळू नका. व्हिडिओतली मुलं खूप खाली बसतात, तुम्ही उंच उभं राहूनच करा.

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, गच्ची पहाटेही तापलेलीच. तेव्हा हॉलमध्ये पंख्याखाली करायचं, चटईएवढी जागा पुरते. थंडीत मात्र सेमिनरी हिल्सला जा. झाडाखाली करण्यात वेगळीच मजा आहे.

वर्धारोड
वडिलांना पार्किन्सन आहे, म्हणून मी वाचलं होतं. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९५ रुग्णांवरचा अभ्यास आला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. स्ट्रेचिंग किंवा वजनांचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई ची करणाऱ्यांचा तोल जास्त सुधारला. गोळ्या अर्थातच सुरू ठेवायच्या.

प्रतापनगरकर
मॅडम, गॅलरीत करून पाहिलं. खरंच, पाय आधीच उचलला जातो! तेवढा वेळ ऑफिस आठवलं नाही. टाच टेकवताना श्वास घ्यायचा की सोडायचा?

धरमपेठ_मॅडम
श्वासाला सध्या हात लावू नका. नाकानं, जसा येतो तसा येऊ द्या, अडवायचा तेवढा नाही. पावलं जमली की तो आपोआप जुळतो. आणि फरशीवर मोजे घालून करू नका, पाय सरकतो.