मदत हवी आहे: विंडोज तीनदा टाकलं, रोज सकाळी निळी स्क्रीन. सोमवारी काम द्यायचंय!

वाड्यातली_सून
नमस्कार. घरचा जुना कॉम्प्युटर आहे. एसएसडी (नवी, वेगवान डिस्क) टाकून विंडोज ७ नव्याने टाकलं. दिवसभर मस्त चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केलं की विंडोजचं चिन्ह येतं आणि लगेच निळी स्क्रीन. परत टाकलं, परत तेच. काल तिसऱ्यांदा. एसएसडी खराब आहे का? दुकानदार म्हणतो माल चांगला आहे. सोमवारी प्रेसला फाइल द्यायची आहे, कृपया लवकर सांगा. काल दिवसभर याच्यापुढे बसले होते, घरातली बाकीची कामं तशीच पडली आहेत.

टर्मिनल_तात्या
विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. २०२० ला! आता ते टाकणं म्हणजे दार काढून ठेवून झोपणं. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, ४ जीबी रॅममध्ये सुखाने चालतं. माझ्या १२ वर्षांच्या लॅपटॉपवर पाच वर्षं आहे, एकदाही निळी स्क्रीन पाहिली नाही.

कोथरूडचा_बोका
तात्या, लिनक्समध्ये निळी स्क्रीन नसते, काळी असते. 😄
ताई, कॉन्फिगरेशन काय? प्रोसेसर, रॅम, बोर्ड? आणि निळ्या स्क्रीनवर खाली कोड असतो तो लिहा. "निळी स्क्रीन" म्हणजे डॉक्टरला फक्त "बरं वाटत नाही" सांगण्यासारखं आहे.

रॉकी_भाई_पुणे
दादा सगळं फॉरमॅट मारा. माझ्याकडे विंडोज ११ ची अॅक्टिव्हेटेड पेनड्राइव्ह आहे, व्यनि (खाजगी निरोप) करा.

कोथरूडचा_बोका
दादा नाही, ताई आहेत. धाग्याची पहिली ओळ तरी वाचत जा. आणि असले अॅक्टिव्हेटर कोणाच्या कामाच्या मशिनवर टाकू नका, त्यात आणखी काय भरलेलं असतं ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं.

वाड्यातली_सून
आय३ आहे, २१०० लिहिलंय. रॅम ४ जीबी. बोर्ड एच६१ असं बॉक्सवर आहे, २०११-१२ मध्ये घेतला होता. कोड बराच लांब आहे, शून्यं शून्यं आणि शेवटी ७बी.
लिनक्स नको. सासऱ्यांचं डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं लावायचं, काम यावरच आहे.

टर्मिनल_तात्या
डीटीपी लिनक्सवर होतं. पानं लावायला स्क्रायबस आहे, चित्रांना इंकस्केप आहे, लिब्रेऑफिस आहे. लोक करून पाहत नाहीत.

लेखणी_आणि_दौत
आय३ २१०० ला विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही, इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ही दुसऱ्या पिढीतली. तेव्हा रॉकीभाईंची पेनड्राइव्ह तशीही बाद.
वहिनी, डीटीपी कशात करतात? श्रीलिपी का?

वाड्यातली_सून
हो, श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरची फार जुनी आवृत्ती आणि पानं लावायला पेजमेकर. मागे प्रिंटरच्या पोर्टात एक लॉक लावावं लागतं, ते लावलं नाही तर उघडतच नाही. म्हणून ३२-बिट विंडोज ७. सासरे ७६ वर्षांचे आहेत, वाचनालयाचा वार्षिक अहवाल गेली तीस वर्षं तेच लावतात. सर्वसाधारण सभा जवळ आली आहे. त्यांना आता नवीन शिकवायला मी बसू?

लेखणी_आणि_दौत
तात्या, ऐका. ते लॉक समांतर (प्रिंटरच्या) पोर्टावरचं आहे आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, कर्नेलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) बसतो. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनमध्ये तसले ड्रायव्हर चालत नाहीत. मी अप्पा बळवंत चौकाजवळ एका प्रेससाठी हे करून हात पोळून घेतले आहेत.
पण वहिनी, खरं दुखणं वेगळं आहे. हे जुने फाँट युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठी ठरलेली एकच अक्षरपद्धत) नाहीत. त्यात "क" ची आकृती इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेली असते, म्हणून तो फाँट नसलेल्या मशिनवर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरीला ०९०० ते ०९७एफ अशी स्वतःची जागा आहे. तीस वर्षांचे अहवाल एकदा रूपांतरित करून घ्या, नाहीतर ते लॉक जळालं की सगळं गेलं. रूपांतर करताना रफार आणि पहिली वेलांटी मात्र हमखास उलटसुलट होतात, डोळ्यांखालून घालावंच लागतं. आमच्याकडे एका स्मरणिकेत "कार्यकारिणी" चं जे झालं होतं ते इथे लिहिता येणार नाही.

भिडे_पुलावरून
युनिकोडचं कौतुक पुरे. प्रेसवाले आजही म्हणतात जुन्या फाँटमध्येच द्या. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका युनिकोडमध्ये दिली तर "श्री" चा "शर्ी" होऊन आला.

लेखणी_आणि_दौत
तो दोष युनिकोडचा नव्हे, प्रेसमधल्या जुन्या सॉफ्टवेअरचा. फाँट एम्बेड करून पीडीएफ द्यायची, म्हणजे काही बिघडत नाही.

पालक_२०२६
विषय निघालाच आहे तर, मुलाला इंजिनिअरिंगला लॅपटॉप घ्यायचा आहे. १६ जीबी रॅम लागते का ८ पुरते? बजेट ५० हजार.

कोथरूडचा_बोका
पालक, वेगळा धागा काढा हो.
ताई, ७बी म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाही. एसएसडी खराब असती तर सहसा दिवसभर अशी नीट चालली नसती. केबल बदलून पाहिली का? आणि रात्री-सकाळमध्ये नक्की काय होतं? शट डाऊन करता की स्लीप?

वाड्यातली_सून
शट डाऊन. केबल दुकानदाराने नवीनच दिली आहे. एसएसडीला काही झालेलं नाही हे वाचून जरा बरं वाटलं.
अजून एक. नेट पण धड चालत नाही. रोज सकाळी सगळ्या साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतात. व्हायरस आहे का? पण विंडोज तर नवीन टाकलंय.

रॉकी_भाई_पुणे
व्हायरसच आहे. अँटिव्हायरस टाका.

निवृत्त_ओव्हरसियर
थांबा. कॉम्प्युटरमधली तारीख बघा आणि इथे लिहा.

वाड्यातली_सून
तारीख काय, ती गेली दोन वर्षं चुकतेच आहे. रोज १ जानेवारी २०११ होते. चालू करताना एफ१ दाबा असं पण येतं, ते आम्ही दाबतो. त्याची सवय झाली आहे, म्हणून लिहिलं नाही.

कोथरूडचा_बोका
🤦 ताई, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं हो!

निवृत्त_ओव्हरसियर
आता आणखी दोन प्रश्न. रात्री भिंतीतलं बटण बंद करता का? आणि विंडोज टाकताना बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) काही बदलता का?

वाड्यातली_सून
बटण नाही, सासरे रात्री मेनच बंद करतात त्या खोलीचा. वाड्याचं वायरिंग जुनं आहे, त्यांना शॉर्टसर्किटची भीती.
बायोसचं मला काही कळत नाही. दुकानातल्या मुलाने चिठ्ठी लिहून दिली आहे, तसं करते. त्यात लिहिलंय: डिलीट दाबून आत जा, साटा मोड आयडीईवरून एएचसीआय करा, एफ१० दाबून सेव्ह, मग एफ१२ आणि पेनड्राइव्ह निवडा.

निवृत्त_ओव्हरसियर
सापडलं. एसएसडी चांगली आहे, विंडोज चांगलं आहे, व्हायरस नाही.
बोर्डावर नाण्यासारखी छोटी, चपटी बॅटरी असते, सीआर२०३२. बायोसच्या सेटिंग आणि घड्याळ ती जिवंत ठेवते. तुमची संपली आहे. शट डाऊन करून भिंतीतलं बटण चालू ठेवलं तर एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून) ५ व्होल्ट स्टँडबाय मिळत राहतो, म्हणून बॅटरी मेली तरी काही कळत नाही. मेन बंद केला की बायोस सगळं विसरतं आणि मूळ सेटिंगवर जातं. आयडीई आणि एएचसीआय म्हणजे डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती; तुमच्या बोर्डात मूळ सेटिंग आयडीई असणार.
आता बघा काय होतं. चिठ्ठीप्रमाणे तुम्ही एएचसीआय करून विंडोज टाकता. दिवसभर ठीक. रात्री मेन बंद, बायोस परत आयडीईवर. विंडोज ७ टाकताना ज्या मोडचा ड्रायव्हर लागला तोच चालू ठेवतं, त्यामुळे सकाळी डिस्क दिसत नाही, ७बी. तुम्ही परत चिठ्ठी काढता. जुन्या हार्ड डिस्कवरचं विंडोज आयडीईतच टाकलेलं असणार, म्हणून दोन वर्षं फक्त तारीख चुकली आणि कोणाचं लक्ष गेलं नाही.
साइट उघडत नाहीत तेही त्यामुळेच. साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं आजची आणि तुमचं घड्याळ २०११ चं.
काही फॉरमॅट करू नका. बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा, तारीख लावा, सेव्ह करा. कालचंच विंडोज उघडेल. मग बॅटरी बदला.

कोथरूडचा_बोका
काका 🙏 मी केबलमध्येच अडकलो होतो.

भिडे_पुलावरून
त्यापेक्षा आयडीईतच विंडोज टाकावं ना, बॅटरीचा प्रश्नच मिटला. असल्या जुन्या मशिनवर फरक कोणाला कळणार?

निवृत्त_ओव्हरसियर
चालेल, पण चौथ्यांदा टाकायचं कशाला? आणि घड्याळ चुकीचंच राहील. फाइलींवर तारखा २०११ च्या पडतील, उद्या कोणती प्रत ताजी हे कळणार नाही. अहवालाच्या कामात ते परवडत नाही.

टर्मिनल_तात्या
मिंट असतं तर मोड बदलला तरी उघडलं असतं, कर्नेलमध्ये दोन्ही ड्रायव्हर असतात. एवढंच सांगून थांबतो.

लेखणी_आणि_दौत
तात्या, हे मात्र बरोबर बोललात.
वहिनी, बॅटरी तपकीर गल्लीत कुठेही मिळेल, घड्याळवाल्याकडेही मिळते. गाडी घेऊन जाऊ नका. मागच्या महिन्यात मी गाडी लावायला जागा शोधत शनिवारवाड्यापर्यंत जाऊन परत आलो.

भिडे_पुलावरून
तिकडे पार्किंग आहे की, मंडईचं.

लेखणी_आणि_दौत
मंडईत गाडी लावून तपकीर गल्लीत चालत जायचं आणि एवढीशी बॅटरी घेऊन परत यायचं. घरूनच चालत गेलेलं काय वाईट?

वाड्यातली_सून
उघडलं!!! एएचसीआय केलं, तारीख लावली, कालचं विंडोज जसंच्या तसं. श्रीलिपी पण चालू झाली. मी तीन दिवस नुसती चिठ्ठी वाचत बसले होते.
सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "मी दोन वर्षं म्हणतोय घड्याळ चुकतंय." खरंच म्हणत होते. आम्हाला वाटायचं भिंतीवरच्या घड्याळाबद्दल बोलताहेत, ते पण पाच मिनिटं मागे आहे.
बॅटरी काढताना कॉम्प्युटर चालू ठेवायचा का बंद?

निवृत्त_ओव्हरसियर
बंद. वायर भिंतीतून काढा. कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा. बाजूची छोटी पट्टी नखाने दाबली की बॅटरी वर येते, स्क्रू ड्रायव्हर घालू नका. अधिकची बाजू, जिथे लिहिलेलं असतं ती, वर. बसवल्यावर एकदा परत एएचसीआय आणि तारीख लावावी लागेल, मग रात्री मेन खुशाल बंद करू दे. आणि एक करा, हे मशिन नेटला लावू नका. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या मशिनवरून पाठवा. क्रोमनेही विंडोज ७ ला १०९ व्या आवृत्तीनंतर सोडलं आहे.
जुनी हार्ड डिस्क फेकली नाहीत ना?

वाड्यातली_सून
नाही, देवघराच्या कपाटात आहे, सगळे अहवाल त्यातच आहेत. बॅटरी संध्याकाळी बसवली. रात्री मेन बंद केला होता, सकाळी तारीख बरोबर! एफ१ पण विचारलं नाही. अहवालाची १८ पानं लावून झाली, जमाखर्च राहिलाय.
आता एकच, प्रिंटर दिसत नाहीये. सासऱ्यांना कागदावर प्रूफ काढल्याशिवाय चूक दिसत नाही. काय करू?

कोथरूडचा_बोका
मॉडेल सांगा. पूर्ण नाव. आणि तो कोणत्या पोर्टाला लावलाय तेही आत्ताच सांगा.

वाड्यातली_सून
मागच्या मोठ्या पोर्टाला. म्हणजे… लॉक लावलंय त्याच्या मागे लावायचा होता का?