त्रास काहीच नाही, पण युरिन कल्चर पॉझिटिव्ह. गोळ्या घेऊ का?

नीरजा:
गरोदरपणाचा १८वा आठवडा चालू आहे. नेहमीच्या तपासण्यांत युरिन कल्चर (लघवीत जंतू वाढतात का, ते बघायची तपासणी) केलं, तर ई. कोलाय नावाचे जंतू निघाले, '१ लाखाहून जास्त'. जळजळ नाही, ताप नाही. लघवीला सारखं जावं लागतं, पण ते तर पहिल्यापासूनच आहे. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन लिहून दिलंय. सासूबाई म्हणतात, पाणी भरपूर पी, पोटात बाळ असताना अँटिबायोटिक कशाला? मलाही थोडं पटतंय. गोळ्यांची पट्टी अजून फोडलेली नाही.

प्लेटवाली मावशी:
नीरजा, मी डॉक्टर नाही. लॅबमध्ये कल्चरच्या प्लेटा वाचते, हे माझं रोजचं काम.

आधी सांग, रिपोर्टमध्ये एकच जंतू आहे ना? दोन-तीन मिसळून उगवले असते तर मी म्हटलं असतं, नमुना बिघडलाय, पुन्हा दे. (अर्ध्याअधिक वेळा पहिली धारच डबीत येते. ती सोडून मधली धरायची, हे कोणी नीट सांगतच नाही.)

एकच असेल तर गोळ्या घे. एरवी त्रास नसताना असे जंतू सापडले तर बहुतेक वेळा औषध देत नाहीत. गरोदरपणी मात्र देतात. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, त्यात वाढतं गर्भाशय त्यांना दाबतं, उजवीला जास्त. लघवी वर तुंबते आणि जंतूंना मूत्रपिंडापर्यंत वाट मोकळी होते. जुन्या अभ्यासांत उपचार न घेतलेल्या १०० जणींपैकी २० ते ३५ जणींना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग झाला होता. अलीकडच्या एका डच अभ्यासात प्रमाण बरंच कमी आलं, तरी जंतू असून औषध न घेतलेल्यांत ते जंतू नसलेल्यांपेक्षा जास्तच होतं. पाणी जरूर पी, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस.

जी६पीडीची (लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता घरात कोणाला असेल तर डॉक्टरांना आधी सांग, अशांच्या लाल पेशी या औषधाने फुटू शकतात. हेच औषध प्रसूती जवळ आल्यावर टाळतात, बाळाच्या लाल पेशी फुटण्याची भीती असते. आत्ता ती वेळ नाही. कोर्स संपल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी कल्चर पुन्हा करून घे. हे मात्र बहुतेकजणी विसरतात.

सईची_आई:
मला जळजळ अशी कधी झालीच नाही. थेट हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, उजव्या कुशीत मागच्या बाजूला कळ, उलट्या. ॲडमिट करून शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागलं. असं काही वाटलं तर सकाळपर्यंत थांबू नकोस, रात्री असलीस तरी रात्रीच जा.

नीरजा:
एकच जंतू आहे, पुन्हा बघितलं. जी६पीडीचं आईला विचारून डॉक्टरांना फोन करते. गोळी उपाशीपोटी चालेल का? सकाळी मळमळतं फार.

प्लेटवाली मावशी:
नको. जेवणाबरोबर घे, मळमळही कमी होते आणि औषध अंगी जास्त लागतं. लघवी गडद पिवळी, तपकिरी दिसेल, त्याने दचकू नकोस. सासूबाईंनाही आधीच सांगून ठेव.