प्रतिसाद: नाकातले जंतू आणि वजन

वजन उतरवलं की नाकातले जंतू जातात असं वर म्हटलंय, ते तितकं सरळ नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू (बॅक्टेरिया) साधारण 20 ते 30 टक्के लोकांच्या नाकात असतोच. लठ्ठ माणसांत तो जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत, पण त्यात मधुमेहही मध्ये येतो, म्हणजे सगळा दोष वजनाचाच असं म्हणता येत नाही. शिवाय लठ्ठपणा मोजायच्या बीएमआयला (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) चरबी नि स्नायू सारखेच. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीतला पैलवानही लठ्ठच ठरायचा!

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेआधी हा जंतू आहे का बघायला स्वॅब (कापसाच्या काडीने नमुना) घेतात तो दोन्ही नाकपुड्यांत जेमतेम 1-2 सेंटीमीटर आत, कडेला टेकवून फिरवत. फार खोल नको, जंतू दाराशीच असतो. सापडला तर डॉक्टर बहुधा 2 टक्के म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम देतात, दिवसातून दोनदा, 5 दिवस. मनानेच महिनोन्‌महिने लावलं की जंतू त्याला दाद देईनासा होतो.