भाचीच्या डिप्लोमासाठी पेन्टियम जी५४००च बरा, रायझन २२००जीचा हट्ट कशाला?

घाटमाथा

भाची तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजवर मोबाईलवर आणि कॉलेजच्या लॅबवर भागवलं, आता घरी पीसी हवाच. नव्या लॅपटॉपइतके पैसे नाहीत. साताऱ्यातल्या ओळखीच्या दुकानात वापरलेली दोन मशिनं बघून आलो. एकात इंटेलचा पेन्टियम गोल्ड जी५४००, एच३१० मदरबोर्डवर. दुसऱ्यात एएमडीचा रायझन ३ २२००जी, ए३२० बोर्डवर. दोन्हीत ८ जीबीची एकच रॅम, २४० जीबीची एसएसडी. रायझनवालं अठराशे रुपयांनी महाग. ज्याला विचारावं तो म्हणतो रायझन घे. माझं मत उलटं आहे, ते मांडतो. पटलं नाही तर खोडून काढा, पण कारण देऊन.

दोन्ही प्रोसेसर २०१८ चे. २२००जी फेब्रुवारीत ९९ डॉलरला आला, जी५४०० एप्रिलमध्ये ६४ डॉलरच्या आसपास. पेन्टियमला २ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ४ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा), वेग ३.७ गिगाहर्ट्झ. रायझनला ४ कोअर आणि ४ थ्रेड, वेग ३.५, जोर लावला तर ३.७. म्हणजे एका कोअरवर चालणाऱ्या कामात, वर्ड असो, ब्राउझर असो की तिचे सी मधले छोटे प्रोग्रॅम, पेन्टियम मागे पडत नाही. काकणभर पुढेच असेल.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने जी प्रोसेसरची यादी दिली आहे, तीत जी५४०० आहे, २२००जी नाही. जास्त पैसे मोजून यादीबाहेरचं मशीन पोरीच्या हातात का द्यायचं?

तांबडा_रस्सा

घाटमाथा, यादीचा मुद्दा खरा आहे, त्यावर नंतर येतो. आधी कोअरचं बघू. मी कोल्हापुरात दुरुस्तीचंच काम करतो आणि रोज ही दोन्ही मशिनं हाताखालून जातात.

४ थ्रेड दोन्हीकडे लिहिलेत म्हणून ते सारखे होत नाहीत. चार तव्यांवर भाकरी करायला चार माणसं असणं वेगळं, आणि दोनच माणसांनी प्रत्येकी दोन तवे सांभाळणं वेगळं. पेन्टियममध्ये दुसरी गोष्ट चालते. एका थ्रेडला मेमरीतून काही यायची वाट बघावी लागली की तेवढ्यात त्याच कोअरवर दुसरा थ्रेड काम उरकून घेतो. त्यातून फायदा होतो, पण तो पंचवीस-तीस टक्क्यांचा. चारही कोअर राबवणारं काम असेल तर २२००जी साधारण दीडपट पुढे जातो.

गेल्या महिन्यात एक मुलगा जी५४०० घेऊन आला, तक्रार अशी की "मशीन मरतंय". समोर बसवून मोबाईल अ‍ॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ उघडायला लावला. बिल्ड, म्हणजे कोडचं अ‍ॅप तयार होणं, सुरू झाला, टास्क मॅनेजरमध्ये चारही आलेख वर टेकले ते टेकलेच. माऊसचा बाण अडकत अडकत सरकायला लागला. त्याने सवयीने हात मागे घेतला, आणि बिल्ड होईपर्यंत दोघं नुसते स्क्रीनकडे बघत बसलो. मशिनात बिघाड काहीच नव्हता. तुमच्या भाचीलाही पुढे मोबाईल अ‍ॅपचा विषय येणार आहे. आजचे सी चे प्रोग्रॅम बघून तीन वर्षांचं मशीन ठरवू नका.

मांजराकाठ

लातूरकडे माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट आहे. बारा मशिनं, सगळी जी५४०० ची, २०१९ मध्ये घेतलेली. त्या वेळी इंटेलला मागणीइतका माल पुरवता येत नव्हता, म्हणून पेन्टियमचे भाव चढले होते आणि सगळे रायझनकडे वळा म्हणत होते. तो सल्ला त्या भावांना धरून होता. आज वापरलेल्या मालात ते गणित राहिलेलं नाही, पण सल्ला मात्र तसाच फिरतोय.

मुलं दिवसभर मराठी-इंग्रजी टायपिंग करतात, जीसीसी-टीबीसी या सरकारी टायपिंग परीक्षेचा सराव करतात, मधे एक्सेल शिकतात. इतक्या वर्षांत प्रोसेसर एकही गेला नाही. पंखे बदलले, एसएसडी घातल्या. घरगुती कामाला घाटमाथा म्हणतात ते बरोबर आहे.

तांबडा_रस्सा

मांजराकाठ, टायपिंगच्या क्लासला पेन्टियमच घ्यावा, त्यात दुमत नाही. पण इथे कॉम्प्युटर शिकणारी मुलगी आहे.

निशिगंध

मी स्वतः जी५४०० वर डिप्लोमा केला, म्हणून लिहिते. कोअरपेक्षा मला नडलं ते वेगळंच, आणि ते इथे अजून कुणी काढलं नाही.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला पानांच्या फोटोंवरून पिकाचा रोग ओळखायचा विषय घेतला होता. पायथन टाकलं, मशीनला फोटो ओळखायला शिकवायचं टेन्सरफ्लो टाकलं, काही अडचण नाही. पहिल्या ओळीत इम्पोर्ट लिहून एंटर दाबलं आणि प्रोग्रॅम जागीच बंद. पुन्हा टाकलं, पायथनची आवृत्ती बदलली, विंडोज सोडून उबुंटूवर करून बघितलं. तिथे निदान दोन शब्द तरी दिसले: इल्लीगल इन्स्ट्रक्शन. माझे चार दिवस त्यात गेले. मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय, आणि सबमिशन जवळ आलेलं.

कारण असं की पेन्टियम जी५४०० मध्ये एव्हीएक्स नाही. एका फटक्यात बऱ्याच आकड्यांवर गणित करायच्या ज्या सूचना प्रोसेसरमध्ये असतात, त्यांचा हा संच. इंटेलने कोअर मालिकेला तो २०११ मध्येच दिला, पण या पेन्टियममधून वगळला. टेन्सरफ्लोच्या तयार फाइली १.६ आवृत्तीपासून एव्हीएक्स गृहीत धरतात. डेटाबेसच्या विषयासाठी मोंगोडीबी टाकायला गेलात तर तिथेही तेच, ५.० पासून एव्हीएक्स लागतंच. हे संथ चालणं नव्हे, अजिबात न चालणं आहे. २२००जी मध्ये एव्हीएक्स आणि एव्हीएक्स२ दोन्ही आहेत.

घाटमाथा

निशिगंध, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. दुकानदारही बोलला नाही. पण असली कामं आता गुगल कोलॅबवर, म्हणजे नेटवरून गुगलच्या मशीनवर, फुकटात होतात ना? त्यासाठी घरच्या प्रोसेसरवर अठराशे रुपये जास्त का घालायचे?

निशिगंध

होतात, आणि मीही शेवटी तिथेच केलं. पण नेट सलग हवं. रात्री रेंज गेली की जोडणी तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. शिकत असताना दहा वेळा चुकवून अकराव्यांदा जमतं, ते आपल्याच मशीनवर करता आलं तर धीर राहतो. तुम्ही भाचीसाठी एवढं बघताय, तर तिला हे चार दिवस वाट्याला येऊ नयेत एवढंच.

तांबडा_रस्सा

निशिगंधने मुद्द्याला हात घातला. आता यादीचं.

२२००जी यादीत नाही हे कबूल. तो २०१८ मध्ये विकला गेला तरी आतली रचना पहिल्या झेनची, म्हणजे रायझनच्या पहिल्या पिढीचीच आहे, आणि मायक्रोसॉफ्टने रेघ त्यापुढच्या झेन प्लसवर ओढली. यादीबाहेरच्या मशीनवर विंडोज ११ टाकता येतं, माझ्या गिऱ्हाइकांकडे चालतंही आहे, पण पुढचं अपडेट मिळेलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यांना तो धोका नको त्यांना मी उबुंटू टाकून देतो. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

पुढे वाढवायची सोय मात्र एएम४ सॉकेटलाच (बोर्डवर रायझन बसतो ती जागा) जास्त. बायोस (बोर्ड सुरू करणारा प्रोग्रॅम) अपडेट मिळत असेल तर त्याच बोर्डवर रायझन ५ ५६००जी बसतो, ६ कोअर १२ थ्रेड. शेवटचं जी अक्षर विसरू नका. नुसता ५६०० घेतलात तर त्यात ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लावेपर्यंत स्क्रीनवर काही दिसणार नाही. आणि जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच बायोस अपडेट करायचं.

हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा वरचा धातूचा ठोकळा) काढताना सरळ वर ओढू नका. जुनी पेस्ट दगडासारखी होते आणि एएम४ चा प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करायचं, बंद करायचं, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवायचा. वाकलेल्या पिना मी रिकाम्या क्लच पेन्सिलच्या टोकाने एकेक करून सरळ केल्यात. तुटली तर मात्र संपलं.

मांजराकाठ

वाढवायची सोय एएम४लाच, हे अर्धंच झालं. एच३१० वर आय३-८१०० बसतो. ४ कोअर, ३.६ गिगाहर्ट्झ, एव्हीएक्स२ आहे, विंडोज ११ च्या यादीतही आहे. म्हणजे निशिगंधची अडचणही सुटते आणि घाटमाथांची काळजीही. माझ्या बारातल्या दोन मशिनांत मी वापरलेला ८१०० घालून घेतला, मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी. पेन्टियम काढला, हा बसवला, विंडोज पुन्हा टाकावंही लागलं नाही. दुकानदाराला अदलाबदलीचं विचारून बघा.

तांबडा_रस्सा

हा पर्याय मला आवडला, आधी सुचायला हवा होता. ग्राफिक्सला २२००जीच वरचढ, त्यातला व्हेगा ८ घरगुती गेमला बऱ्यापैकी पुरतो. पण मुलीला गेम खेळायचे नसतील तर ८१०० मध्ये काही कमी नाही.

रॅमचं मात्र आत्ताच सांगतो. ८ जीबीची एक पट्टी दोन्हीकडे अपुरी. डीडीआर४-२४०० ची एक पट्टी सेकंदाला १९.२ जीबीच देते, दोन लावल्या की ३८.४. २२००जी ला वेगळी ग्राफिक्स मेमरी नाही, ती याच रॅममधून घेते, म्हणून एका पट्टीवर व्हेगा बराच संथ चालतो. लोक तसाच वापरतात आणि रायझन संथ म्हणून माझ्याकडे आणतात.

घाटमाथा

काल पुन्हा जाऊन आलो, भाचीलाही नेलं होतं. दुकानदाराकडे सुटा ८१०० होता. पेन्टियम परत घेऊन त्याच एच३१० मध्ये बसवून द्यायला तयार झाला, वरचे तेराशे. म्हणजे रायझनपेक्षा पाचशेने कमीच. ते पाचशे आणि थोडे वर घालून ८ जीबीची दुसरी पट्टी घेतली.

"पेन्टियमच बरा" हे माझं मत मी मागे घेतो. रायझनला नाही म्हटल्याचं मात्र मागे घेत नाही, यादीतलं मशीन हवं होतं आणि ते मिळालं. निशिगंधने सांगितलं नसतं तर मी एव्हीएक्स नसलेलं मशीन घरी आणून ठेवलं असतं.

पैसे द्यायच्या आधी दुकानातच प्रोसेसरची माहिती दाखवणारा सीपीयू-झेड उघडायला लावला. इन्स्ट्रक्शन्सच्या ओळीत एव्हीएक्स२ लिहिलेलं भाचीने स्वतः बोट ठेवून वाचलं.

निशिगंध

तिला सांगा, प्रोजेक्टला अडली तर इथेच विचार. माझी जुनी फाइल अजून ठेवलेली आहे.