मदत हवी आहे: गावी एकट्या राहणाऱ्या आईच्या तब्येतीकडे फोनवरून लक्ष कसं ठेवता येईल?

खळ्यातली_तुळस

नमस्कार मंडळी,

आई ७४ वर्षांची, कुडाळ तालुक्यात गावच्या घरी एकटी असते. पुण्याला यायला तयार नाही, आणि तिचं तिथे बरं चाललंय हेही खरं. बीपी, शुगर जुनीच. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस दम लागला म्हणून ॲडमिट करावं लागलं, तेव्हा हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आल्याचं कळलं. आता पाणी काढायची गोळी सुरू आहे, शिवाय बीपीच्या आणि शुगरच्या. हृदयाचे डॉक्टर कोल्हापुरात. दर वेळी गाडी करून फोंडा घाट चढायचा, तिथे तीन तास बाकावर बसायचं आणि डॉक्टरांनी चार मिनिटं बघायचं, यातच ती आजारी पडते.

मी पुण्यात, भाऊ मस्कतला. दोघांनी मिळून तिला बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर आणि बरा फोन घेऊन दिला. शेजारच्या वहिनी मदतीला येतात. आई रीडिंग कालनिर्णयच्या चौकोनात लिहिते आणि वहिनी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतात. परवाच्या चौकोनात 'दूध १, १६८, गॅस आला' असं होतं. १६८ हा वरचा बीपी की जेवणानंतरची शुगर, यावर ग्रुपवर संध्याकाळपर्यंत चर्चा. काकांनी दुधी भोपळ्याचा रस सुचवला. भाऊ म्हणाला, लगेच ॲडमिट करा. आईला फोन केला तर ती म्हणते, "माका काय जावक नाय, तुमीच घाबारतास."

डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये विचारलं तर 'व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा' म्हणाले. टाकलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. त्यांच्याकडे स्वतःचं ॲपही आहे, पण ते इंग्रजीत, आणि ओटीपी माझ्या नंबरवर येतो. आईने आत शिरायचं म्हणजे मी मीटिंग सोडून तिला सहा आकडे सांगायचे.

म्हणजे यंत्रं आहेत, फोन आहे, आकडेही येतात. ते बघणारं आणि त्यावर काही ठरवणारं कुणी नाही. तुमच्यापैकी कुणी आईवडिलांसाठी अशी घडी नीट बसवली आहे का? व्हिडिओवर तपासून डॉक्टर औषध बदलू शकतात का? सरकारी ई-संजीवनीचा, म्हणजे ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याच्या सोयीचा, अशा पेशंटला उपयोग होतो का? आणि रोज नेमकं काय मोजायचं? आई बोटाला सुई टोचून कंटाळली आहे.

ॲपची नावं नकोत, कृपया. तीन आधीच डाउनलोड करून झाली आहेत.

भटका_जोशी

स्मार्टवॉच घ्या. हातात असतं, आपोआप सगळं फोनवर येतं. माझ्या वडिलांना दिलंय.

नाडीपरीक्षा

मी फिजिशियन आहे, कोकणातच. जोशीबुवा, घड्याळ पावलं मोजायला ठीक. त्यातला बीपी हा मनगटावरच्या प्रकाशावरून बांधलेला अंदाज असतो, त्यावर औषध ठरत नाही. दंडाला पट्टा बांधायचं मशीनच हवं, आणि पट्टा दंडाच्या मापाचा हवा. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर आकडा कमी दाखवतो, जाड दंडाला छोटा बांधला तर जास्त.

ताई, तुमच्या प्रश्नाचं दुखणं तुम्हीच बरोबर पकडलंय. यावर चांगला अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे आईंसारखं हृदयाचं पंपिंग कमी पडलेल्या, १६५३ पेशंटवर टेली-एचएफ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० साली आले. रोज फोन करायचा, रेकॉर्ड केलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, वजन सांगायचं. सहा महिन्यांनी पाहिलं तर पुन्हा ॲडमिट होण्यात किंवा मृत्यूत काडीचा फरक नव्हता. बऱ्याच जणांनी मधेच फोन करणं सोडून दिलं होतं. पुढे २०१८ मध्ये जर्मनीतल्या टीआयएम-एचएफ २ या चाचणीचे निष्कर्ष आले, १५७१ पेशंट. घरून वजन, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन जायचं, पण पलीकडे चोवीस तास डॉक्टर-नर्स बसलेले होते आणि आकडा हलला की ते पेशंटला फोन करायचे. तिथे इस्पितळात जाणारे दिवस कमी झाले, मृत्यूही कमी झाले.

जर्मनीसारखं केंद्र तुम्हाला मिळणार नाही, पण त्याची गावठी आवृत्ती करता येते. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर कागद ठेवा आणि लिहून मागा: कितीवर काय करायचं. हार्ट फेल्युअरला सगळ्यात महत्त्वाचं रोजचं वजन. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण सारख्याच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं समजून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पाणी काढायची गोळी अशा वेळी वाढवायची का आणि किती, हे त्या कागदावर डॉक्टरांच्या अक्षरात पाहिजे. इथे कुणी सांगितलं म्हणून नाही, मी सांगितलं म्हणूनही नाही.

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि छातीच्या पातळीत. अर्धा तास आधी चहा नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. रोज उठून मोजायची गरज नाही. भेटीच्या आधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, पहिला दिवस सोडून द्या आणि बाकीच्याची सरासरी डॉक्टरांना द्या. घरी १३५/८५ च्या वर सरासरी गेली तर बीपी जास्त धरतात. तुमचा तो १६८ मासेवालीशी बोलता बोलता घेतलेला असणार, पैज लावतो. फक्त आईंची नाडी अनियमित आहे का हे विचारून घ्या. तसं असेल तर ही मशीनं फसतात, जास्त वेळा मोजावं लागतं.

शुगर रोज टोचायची गरज गोळ्या कोणत्या आहेत त्यावर ठरते. डॉक्टरांना विचारा, बहुधा बोटांना सुट्टी मिळेल. मात्र घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं तर लगेच मोजायची. ७० च्या खाली असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून, फोन मागाहून.

आता कायद्याचं. २५ मार्च २०२० ला देशात टेलिमेडिसिनचे नियम आले. प्रत्यक्ष तपासून सहा महिने झाले नसतील आणि आजार तोच असेल तर डॉक्टर फोनवर, व्हिडिओवर, अगदी व्हॉट्सॲपवरही औषध चालू ठेवू शकतात, त्याच आजारासाठी जोडऔषधही देऊ शकतात. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आणि सही हवी. झोपेच्या बऱ्याच गोळ्या आणि नशेच्या वर्गातली औषधं असं लिहून देता येत नाहीत. आई शुद्धीवर, समजत्या आहेत, तेव्हा कॉलवर त्या स्वतः हव्यात. त्या नसताना तुम्ही बोलणार असाल तर त्यांची लेखी संमती देऊन ठेवा. भाऊ मस्कतहून त्याच कॉलमध्ये आला तर हरकत नाही, पेशंट आणि डॉक्टर दोघेही भारतात आहेत.

आणि फी द्या. व्हॉट्सॲपवर फुकट टाकलेल्या फोटोला उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं. महिन्यातून एक ठरलेली व्हिडिओ भेट पैसे भरून घ्या. बहुतेक डॉक्टर तयार असतात, विचारत कुणी नाही.

लाल_माती

मी सिंधुदुर्गातच उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. ताई, ई-संजीवनी घरून एकटीने लावण्यापेक्षा उपकेंद्रात येऊन लावलेली बरी. हे चालतंच असं: आम्ही पेशंटच्या शेजारी बसतो, पलीकडे डॉक्टर. ते म्हणतात, पायाला बोट दाबून बघा, खड्डा राहतो का. ते आम्ही बघतो. कॅमेऱ्यात सूज कळत नाही, बोटाला कळते. चिठ्ठी लगेच येते, आमच्याकडे असलेली औषधं फुकट मिळतात.

मात्र समोर दर वेळी तेच डॉक्टर असतील असं नाही. तेव्हा हृदयाची औषधं कोल्हापूरच्या डॉक्टरांकडेच ठेवा. आमच्याकडे बीपी, शुगर, अधेमधे खोकला-ताप. येताना कोल्हापूरची फाईल आणायला सांगा, नाहीतर एकाच औषधाच्या दोन नावांच्या गोळ्या सुरू होतात. हे मी डब्यात बघितलंय.

अजून एक. बीपी नियंत्रणाचा जो केंद्राचा कार्यक्रम २०१७ ला सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा. त्यात नाव लावलं की नोंद मोबाईलवरच्या ॲपमध्ये होते आणि तारीख चुकली की यादीत नाव वर येतं, मग नर्सबाईंचा फोन जातो. 'सुमनताई, गोळ्या संपल्या असतील, या.' पेशंटला काहीच डाउनलोड करावं लागत नाही. आईंचं नाव आहे का ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

एडिसनची_नर्स

न्यू जर्सीत नर्स आहे. इथे मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) २०१९ पासून घरून येणाऱ्या आकड्यांवर लक्ष ठेवण्याचे पैसे देतं, म्हणून दवाखान्यांनी त्या कामाला माणसं ठेवली. माझं कामच ते. सकाळी स्क्रीनवर लाल झालेली नावं बघायची आणि फोन करायचा. दहातल्या आठ वेळा उत्तर एकच: काल पार्टी होती, खारट खाल्लं. तुमच्याकडे तो माणूस तुम्हालाच नेमावा लागेल. आणि एकच नेमा! ग्रुपवर सगळे बघतात तेव्हा कुणीच बघत नाही. आईंना लोणचं, सुकी मासळी आणि पापडाबद्दलही विचारा, प्रेमाने.

खळ्यातली_तुळस

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, पैज जिंकलात. वहिनींना विचारलं. मासेवाली नव्हती, पण वायरमन आला होता आणि पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून बांधला होता. सुक्या बांगड्याबद्दल विचारल्यावर आईने फोन वहिनींकडे दिला.

ठरवलंय ते असं. आकडे फक्त मी बघणार, ग्रुपवर जाणार नाहीत. भावाला रविवारी एकत्र पाठवीन. कालनिर्णय राहील, पण वजनासाठी वेगळी वही. कागद डॉक्टरांकडून लिहून आणेन आणि वहिनींकडे एक प्रत.

दोन शंका राहिल्या. पावसात लाईट गेली की टॉवर जातो, कधी दोन दोन दिवस. तेव्हा काय करायचं? आणि रात्री छातीत दुखलं तर आधी कुणाला फोन?

नाडीपरीक्षा

छातीत दुखणं, झोपल्यावर गुदमरणं, तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं: यात व्हिडिओ नाही, व्हॉट्सॲप नाही, मलाही नाही. थेट १०८. आणि वहिनींनी तो फोन तुम्हाला विचारायला थांबू नये, हे आजच सांगून ठेवा. लेकीला कळवल्याशिवाय कसं न्यायचं, या संकोचात वेळ जातो.

शेजारी गोव्यात २०१८ पासून हार्ट अटॅकसाठी चांगली सोय आहे. छोट्या सरकारी केंद्रात ईसीजी काढला की तो मोबाईलवरून तज्ज्ञांकडे जातो, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच देतात आणि मग पेशंट बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. सिंधुदुर्गातले लोक बांबोळीला जातातच. पण कुडाळहून आधी जवळच्या रुग्णालयात ईसीजी, मग पुढचं. जुना ईसीजी फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा, तुलनेला लागतो.

लाल_माती

टॉवर गेल्यावर कागदच. म्हणूनच डॉक्टरांच्या अक्षरातला कागद भिंतीवर पाहिजे, फोनमध्ये नको. आमच्या आशाताई पावसातही वाडीत फिरतात, त्यांना सांगून ठेवा. दोन दिवस फोन लागला नाही तर त्या वही बघून येतील. वाडीतल्या रिक्षावाल्याचा नंबरही त्याच कागदावर लिहा, रस्त्यावर झाड पडलं की १०८ ला वाट बदलून यावं लागतं.

वजनकाटा घेताना मोठ्या आकड्यांचा घ्या. आणि घरात जमीन कसली आहे? सारवलेली असेल तर काटा त्यावर नको, हलतो आणि रोज वेगळं वजन दाखवतो.

खळ्यातली_तुळस

माजघर सारवलेलं, स्वयंपाकघरात लादी आहे. तिथेच ठेवते, चुलीपासून लांब. आशाताईंचा नंबर आईकडेच निघाला, त्यांच्याकडून ती कोकमं घेते.

डॉक्टर, संमतीचं पत्र मराठीत चालेल ना? आणि त्यावर आईची सही पुरे की साक्षीदार लागतो?

नाडीपरीक्षा

मराठीत उत्तम. आईंची सही, तारीख, तुमचं नाव आणि नातं एवढं लिहा. नियमात साक्षीदार मागितलेला नाही. पुढच्या भेटीत आईंना घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांसमोरच द्या आणि फाईलला लावून घ्या.