'कन्व्हर्ट', 'अपमिक्स', 'एन्कोड': आवाजाचं ५.१ करताना कोणता शब्द कुठे?

प्रश्न: निवेदनाचं मोनो (एकाच चॅनेलचं) ध्वनिमुद्रण '५.१ मध्ये कन्व्हर्ट करा' असं सांगितलं जातं. ५.१ म्हणजे डावा, मधला, उजवा, दोन सराउंड (बाजूचे-मागचे) आणि '.१' हा फक्त खर्जाचा, असे सहा चॅनेल. मराठी टिपणात 'रूपांतर' लिहावं का? 'अपमिक्स' आणि 'एन्कोड' हे शब्दही याच कामासाठी वाचायला मिळतात. अर्थ एकच का?

प्रतिसाद १: एक नाही. अपमिक्स म्हणजे कमी चॅनेलच्या मूळ आवाजातून जास्त चॅनेलचा मिक्स तयार करणं. कोणत्या स्पीकरमधून काय आणि किती यावं, हे तिथे ठरतं. एन्कोड म्हणजे तयार झालेले सहा चॅनेल एसी-३ (डॉल्बी डिजिटल) सारख्या फॉरमॅटमध्ये बांधणं. 'रूपांतर' हा शब्द फार तर या दुसऱ्या कामाला शोभतो. एन्कोडर सराउंड निर्माण करत नाही. निर्यात करताना फक्त 'सहा चॅनेल' निवडलं, तर फाइल ५.१ म्हणून ओळखली जाते, पण आवाज एका-दोन चॅनेलमध्ये आणि बाकी शांतता, असंच बहुधा हाती येतं.

प्रतिसाद २: म्हणून मग तोच ट्रॅक सहाही चॅनेलवर चिकटवतात. याला अपमिक्स म्हणू नये, ही नुसती नक्कल आहे. ऐकणारा मध्यावरून जरा सरकला, की तोच आवाज वेगवेगळ्या वेळी कानावर येतो, काही वारंवारता एकमेकींना खोडतात आणि बोलणं पोकळ वाटतं. स्टीरिओवर उतरवताना तर हिशेबच बिघडतो. नेहमीच्या सूत्रात डाव्या बाजूला डावा पूर्ण, मधला ०.७०७ पट आणि डावा सराउंड ०.७०७ पट मिळवतात. तिन्हींत एकच आवाज असेल तर बेरीज २.४१ पट, म्हणजे सुमारे ७.७ डेसिबलची वाढ. पातळी आधी उतरवली नसेल तर क्लिपिंग (आवाज कमाल मर्यादेबाहेर जाऊन फाटणं) ठरलेलं.

खरा अपमिक्स असा: प्रकल्प ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. ८० हर्ट्झखालचं हाय-पास फिल्टरने काढा, 'प' आणि 'फ'च्या धक्क्यांचा बराच भाग तिथे असतो. कोरडा (रिव्हर्ब नसलेला मूळ) आवाज फक्त मधल्या चॅनेलवर. डाव्या-उजव्या आणि सराउंड चॅनेलवर केवळ खोलीचा रिव्हर्ब (भिंतींवरून परतणारा घुमारा), त्यात कोरडा अंश शून्य, प्री-डिले (मूळ आवाजानंतर रिव्हर्ब सुरू होईपर्यंतचा वेळ) १५ ते २० मिलिसेकंद. रिव्हर्ब मूळ आवाजापेक्षा १५ डेसिबल खाली ठेवून सुरुवात करा. शब्द पुसट झाले तर आणखी उतरवा. निवेदनाला सराउंड जाणवावा इतका नको, बंद केल्यावर उणीव भासावी इतका पुरे.

प्रतिसाद ३: '.१' ला 'सबवूफर चॅनेल' लिहिण्याची सवय मोडायला हवी. एलएफई (लो-फ्रिक्वेन्सी इफेक्ट्स, म्हणजेच ही '.१') हा ट्रॅक आहे आणि सबवूफर हा स्पीकर. बास मॅनेजमेंट चालू असेल तर इतर चॅनेलचा खर्जही सबवूफरकडे जातो. एलएफई १२० हर्ट्झपर्यंतचा असतो आणि वाजवताना १० डेसिबल वाढवला जातो. पुरुषी आवाजाचा खालचा पट्टा त्यात घातला की बोलणं घुमतं. निवेदनासाठी तो रिकामाच ठेवावा.

'त्रिमितीय ध्वनी' हाही शब्द ५.१ ला लावू नये. इथे वरच्या बाजूचे स्पीकर नसतात.

प्रश्नकर्ता: मग 'मोनो निवेदनाचा ५.१ मिक्स, एसी-३ मध्ये ६४० केबीपीएसवर एन्कोड' असं लिहितो.

प्रतिसाद १: चांगलं. त्यात चॅनेलचा क्रमही लिहा. वेव्ह फाइलमध्ये डावा, उजवा, मधला, एलएफई, डावा सराउंड, उजवा सराउंड असा क्रम असतो. चित्रपटाच्या क्रमात डावा, मधला, उजवा, मग दोन सराउंड आणि शेवटी एलएफई. चित्रपटक्रमाची फाइल वेव्हक्रमाने वाचली, तर निवेदन उजव्या स्पीकरमधून येतं आणि डाव्या सराउंडचा रिव्हर्ब एलएफईत पडतो. एन्कोड करण्याआधी प्रत्येक चॅनेलवर त्याचं नाव बोलून एक चाचणी फाइल वाजवा, अदलाबदल लगेच कळते. एलएफईसाठी मात्र ५० हर्ट्झचा सूर वापरा, बोललेलं नाव तिथे नीट ऐकू येणार नाही.