मदत हवी आहे: घरी जुळवलेल्या गेम कन्सोलमधला साप पाऊस आला की आपोआप डावीकडे वळतो

नमस्कार मंडळी. मी लालबागला राहते, नोकरी हिशेबाची, इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध फ्यूज बदलण्यापुरता. काही बावळट लिहिलं तर सांभाळून घ्या.

मुलगा आठवीत आहे. मोबाइल काढून घेतल्यावर त्याने तह मांडला, "स्वतः बनवलेल्या गेमवर खेळलो तर चालेल ना?" चालेल म्हटलं आणि अडकले. जूनमध्ये एका शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने रस्ता विचारला तर समोरचा आपल्याकडेच बघत राहतो.) तिथून हातात धरून खेळायच्या कन्सोलचं किट आणलं. पिशवीत हिरवी पीसीबी (सगळे भाग जिच्यावर जोडायचे ती पाटी), २८ पायांची एटीमेगा ३२८पी चिप आणि तिचं सॉकेट, १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर, १२८ बाय ६४ ठिपक्यांची ओएलईडी स्क्रीन, सहा बटणं, बझर आणि तीन पेन्सिल सेलचा डबा. चिपमध्ये खेळ आधीच भरलेले, त्यातला एक नोकियावर आपण खेळायचो तसला साप.

सोल्डरिंग गन शेजारच्या काकांची. काका पूर्वी पंखे, मिक्सर, पत्र्याचे डबे असलं सगळं दुरुस्त करायचे. गनबरोबर त्यांनी पेस्टची गोल डबीही दिली, "हिच्याशिवाय शिसं धरत नाही" असं बजावून. खरंच छान धरलं. दोन रविवार गॅलरीत बसून काम केलं. सेल टाकले आणि पहिल्याच झटक्यात स्क्रीन लागली. पोराने चाळ डोक्यावर घेतली.

आता दुखणं सांगते. आठ-दहा दिवस सगळं नीट चाललं. जुलैचा पाऊस बसला तशी सापाच्या अंगात आली. कुणी बटणाला हात लावलेला नसताना साप डावीकडे वळतो आणि भिंतीवर आपटतो. कधी मेन्यू आपोआप सरकतो. संध्याकाळी जास्त. एकदा कन्सोल रात्रभर टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर राहिला, तर सकाळी दहापर्यंत शहाण्यासारखा चालला! मग पुन्हा तेच. सेल नवे टाकून पाहिले. काही फरक नाही. दुकानदार म्हणतो, सोल्डर केलेलं किट परत घेत नाही, आणि त्याचंही बरोबरच आहे.

चिप गेली का? पोराचं म्हणणं, आईच्या सोल्डरिंगमुळे झालं. बटणं त्याने लावलीत, हे इथे नोंदवून ठेवते.

– हिशेबवाली

खटपट्या:
ताई, बटण उलटं बसलं असणार. त्या चार पायांच्या बटणात दोन-दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात. बटण ९० अंशांत फिरवून लावलं की ते सतत दाबलेलंच राहतं. काढून फिरवून लावा.

हिशेबवाली:
दादा, मग पहिले आठ दिवस नीट कसं चाललं असतं? आणि सतत नाही होत, मधूनमधून होतं.

खटपट्या:
हां, ते वाचलंच नाही. माघार.

बिटबाजी:
मला मेमरीचा संशय येतो. या चिपमध्ये रॅम फक्त २ किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट. स्क्रीनवर ८१९२ ठिपके, एका बाइटमध्ये आठ, म्हणजे नुसतं चित्र धरून ठेवायला १०२४ बाइट. अर्धी रॅम तिथेच संपली. उरलेल्या जागेत सापाच्या शेपटीची नोंद ठेवायची. शेपूट लांबली की ती दुसऱ्या कशावर तरी चढते आणि प्रोग्रॅम बरळायला लागतो. नाहीतर बटणाचं डिबाउन्सिंग (एका दाबाला बटण थरथरून अनेक दाब मोजले जाऊ नयेत याची सोय) नीट लिहिलेलं नसेल.

रोहित्र:
बिटबाजी, रॅमचा हिशेब बरोबर, पण रॅमला पाऊस कळत नाही. डिबाउन्सिंगचा प्रश्न बटण दाबल्यावरच्या काही मिलिसेकंदांचा असतो, इथे कुणी दाबतच नाहीये. ताईंच्या पोस्टमधला सेट-टॉप बॉक्स सोडून सगळे बाकीचंच वाचताहेत. उबेत ठेवला की बरा, दमट हवेत आजारी. हा दमा आहे.

हिशेबवाली ताई, तीन गोष्टी सांगा. पेस्टची डबी काकांकडे कशासाठी होती? काम झाल्यावर पाटी पुसलीत का? आणि खालच्या बाजूला बटणांच्या पायांभोवती चिकट किंवा पांढरट थर दिसतो का?

हिशेबवाली:
डबी पत्र्याच्या कामाची, काकांनीच सांगितलं. पुसली नाही, पुसायची असते हेच माहीत नव्हतं. थर आहे. मी त्याला शिसं समजत होते. डाव्या बटणापाशी तर हिरवटही दिसतंय, शेवाळासारखं.

रोहित्र:
सापडला चोर. घाबरू नका, चिप शाबूत असणार.

पत्र्याच्या, नळाच्या कामाच्या पेस्टमध्ये बहुधा झिंक क्लोराइडसारखे तिखट क्षार असतात. गंजलेला पत्रा खरवडून काढायला ते लागतंच. पण असा क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो, पावसाळ्यात मिठाची बरणी ओलावते ना, अगदी तसा. ओला झाला की त्यातून वीज वाहते. हिरवं दिसतंय ते खाल्लं गेलेलं तांबं.

आता बटणाचं गणित बघा. न दाबलेल्या बटणाची तार चिप आतल्या एका रोधाने वर, म्हणजे सेलच्या धन टोकाकडे, खेचून धरते. हा रोध २० ते ५० किलोओहमच्या दरम्यान असतो, म्हणजे खेच अगदी हलकी. बटण दाबलं की तार थेट ग्राउंडला (सेलच्या ऋण टोकाला) जाते आणि चिपला कळतं. तुमच्या पाटीवर तार आणि ग्राउंड यांच्यामध्ये पेस्टचा ओला थर आहे. तो बोटाचं काम करतोय.

खात्री करून घ्या. सेल काढा, चिप सॉकेटमधून अलगद उपसा (चपट्या पेचकसाने दोन्ही टोकांकडून थोडी थोडी, एकाच बाजूने उचकटली तर पाय वाकतात). मल्टीमीटर २०० किलोओहमवर ठेवून डाव्या बटणाची तार आणि ग्राउंड यांच्यात मोजा. चिप काढल्यावर तिथे काहीच जोडलेलं नसायला हवं, मीटरने नुसता १, म्हणजे ‘मापाबाहेर’, दाखवायला हवा.

हिशेबवाली:
मल्टीमीटर ऑफिसातल्या इलेक्ट्रिशियन भाऊंकडून आणला. बाहेर धो धो पाऊस. डावं बटण: १४ ते १९ किलोओहम, आकडा एका जागी ठरतच नाही, नाचतो. वरचं बटण १०० च्या आसपास. बाकीच्या चारांना १. डावीकडचं बटण सर्वांत शेवटी लावलं होतं, तेव्हा पोराने पेस्ट हात सैल सोडून वापरलेली.

रोहित्र:
आकडा नाचतो हीच ओल्या क्षाराची खूण. खरा रोध लावलेला असता तर एकाच आकड्यावर थांबला असता.

तीन सेल म्हणजे साडेचार व्होल्ट. आतला रोध ३५ किलोओहम धरला आणि गळतीचा १४, तर तारेवर उरतात साधारण १.३ व्होल्ट. या चिपला पुरवठ्याच्या ०.३ पट किंवा त्याहून कमी, म्हणजे तुमच्याकडे १.३५ व्होल्टपर्यंत, ‘बटण दाबलंय’ असंच वाचायची मुभा आहे. १९ झाले की व्होल्टेज १.६ च्या आसपास, तिथे चिप कसाही कौल देते. म्हणून मधूनमधून.

बिटबाजी:
मग प्रत्येक बटणाला बाहेरून १० किलोओहमचा पुल-अप (तार वर खेचणारा रोध) लावला तर? खेच घट्ट होईल आणि गळती हरेल.

रोहित्र:
हरेल. पण ते म्हणजे छत गळतंय म्हणून खाली बादली ठेवणं. क्षार तांबं खातच राहील आणि पुढच्या पावसाळ्यात पाटीवरची एखादी तांब्याची वाट तुटलेली असेल. आधी धुवा.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. सॅनिटायझर वापरू नका, बहुतेकांत ग्लिसरीन असतं, ते आणखी चिकटेल. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवापुढचा दिवाही बंद. पाटी पालथी धरा म्हणजे घाण बटणांच्या पोटात उतरणार नाही. जुन्या टूथब्रशने घासा, आणि अल्कोहोल वाळायच्या आत फडक्याने टिपून घ्या. नुसतं घासून सोडलं तर क्षार सगळ्या पाटीवर पसरतो, माझं एकदा तसंच झालंय. झिंक क्लोराइड पाण्यात जास्त चांगलं विरघळतं, म्हणून दुसरा हात पाण्यात ओल्या केलेल्या ब्रशने, तोही फक्त मागच्या बाजूने, आणि शेवटी पुन्हा अल्कोहोल. मग सेट-टॉप बॉक्स आहेच.

पुढच्या वेळी पेस्ट लागणारच नाही. सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते. नव्या पीसीबीला आणि नव्या पायांना तेवढी पुरते.

हिशेबवाली:
चार दिवसांनी लिहितेय. तीनदा घासलं. पहिल्या दोन वेळी फडकं पिवळट-हिरवं निघालं. हिरवं गेल्यावर खाली तांबं जरा खडबडीत दिसतंय, पण वाट तुटलेली नाही. चिप काढून सहाही बटणं मोजली, सगळीकडे १. काल संध्याकाळी हिंदमाताला पाणी भरलं म्हणून पोराच्या क्लासला सुट्टी मिळाली आणि साप दोन तास सरळ चालला. एकदाही स्वतःहून वळला नाही.

दोन उपप्रश्न. सेल सारखे आणायला नकोत म्हणून पॉवर बँकेवर चालवून पाहिलं, तर अर्ध्या मिनिटात बंद. हीसुद्धा गळतीच का? आणि काकांना काय सांगू? रोज विचारतात, "चाललं ना माझ्या पेस्टने?"

खटपट्या:
पॉवर बँकेचं मला ठाऊक आहे, यावेळी पूर्ण वाचलंय. तुमचा कन्सोल इतका कमी करंट ओढतो की पॉवर बँकेला वाटतं फोन चार्ज होऊन काढून घेतला, आणि ती झोपते. बिघाड नाही. रिचार्ज होणारे पेन्सिल सेल घ्या. ते १.२ व्होल्टचे, म्हणजे तीन मिळून ३.६, आणि १६ मेगाहर्ट्झवर या चिपला ३.८ च्या आसपास तरी हवेत. म्हणून चार सेलचा डबा लावा, ४.८ होतील. फक्त त्या डब्यात चुकून साधे चार सेल घालू नका. सहा व्होल्ट होतात, आणि चिपचं वापरायचं वरचं टोक साडेपाच.

रोहित्र:
काकांना सांगा, झकास चाललं. आणि घरात एखादा पत्र्याचा डबा गळत असेल तर त्यांच्याचकडून डाग लावून घ्या. त्या कामाला तीच पेस्ट लागते.